रॅम टाकून घे, दादा

"मशीन लय हँग मारून राहिली रे. फोल्डर उघडलं का मेलीच समज."

दादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये म्यूटवर बसलो होतो. एक कान मीटिंगला, एक कान दादाला. अर्ध्या मिनिटात निदान करून टाकलं. "रॅम कमी पडत असेल रे दादा. चारची आठ करून घे." तो "बरं" म्हणाला, मी फोन ठेवला आणि पुन्हा मीटिंगमध्ये मान डोलवायला लागलो. या सगळ्यात माझा मेंदू किती खर्ची पडला? शून्य.

तीन आठवड्यांनी गावी गेलो तेव्हा त्या "बरं"चा अर्थ कळला. आज तीच गोष्ट सांगायची आहे. वरवर पाहता ती लिनक्सच्या फाईल मॅनेजरनं खाल्लेल्या मेमरीची आहे. ज्यांना असल्या गोष्टीत रस नाही त्यांनीही वाचा. तांत्रिक भाग मी वाटेत समजावून सांगेन, आणि शेवटी विषय पैशावर येतो. पैशात सगळ्यांनाच रस असतो. :)

तर, आमचं गाव सुलतानपूर. बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका, मेहकरहून लोणारला जाणाऱ्या रस्त्यावर. पुण्यात कुणी "गाव कुठलं?" विचारलं की आम्ही "लोणारजवळ" सांगून मोकळे होतो, कारण उल्केनं झालेलं सरोवर सगळ्यांनीच शाळेत वाचलेलं असतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याचा गावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो हे मूळ काम. अलीकडे त्यानं फ्लेक्सचंही काम धरलंय. डिझाईन मेहकरचा एक मुलगा करून पाठवतो, दादा फोटो आणि नावं पुरवतो, गिऱ्हाईकाला दाखवतो आणि फाईल छपाईला पुढे धाडतो.

त्याचं मशीन म्हणजे माझाच कॉलेजातला लॅपटॉप. २०१६ साली घरच्यांनी घेऊन दिलेला, ४ जीबी रॅमचा. नोकरी लागल्यावर मी तो दादाला दिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो, त्या यादीत हा लॅपटॉप बसत नाही. म्हणून त्या दिवाळीत मी मोठ्या उत्साहानं त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. ही आवृत्ती हलकी असते, जुन्या मशीनवर छान पळते. "आता पाच वर्षं चिंता नको," असंही म्हणालो होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण वहिनीनं ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

आता त्या "बरं"कडे येतो. माझा फोन झाल्यावर दादा लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला होता. त्याचं म्हणणं दादाच्या शब्दांत असं: "तो म्हने, या मॉडेलची रॅम मागवा लागन. भाव लय चढले. जुन्या मशीनीत पैसे घालण्यापरीस नवीनच घ्या." त्या माणसाचं फारसं चुकलं नव्हतं. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव जगभर चढलेत. चिप बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळल्या. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्याआमच्यासाठीचा क्रुशियल हा रॅमचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तर कुठे कॅलिफोर्नियातला चॅटबॉट आणि कुठे सुलतानपूरचा फोटो स्टुडिओ, पण रॅम एकाच बाजारातली.

शनिवारी दुपारी जेवायला बसलो होतो. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, गटात नाव टाकलं हाय. सोमवारी पैसे भेटतात. नवीन मशीन घ्यायचं का नाही, तेवढं सांगून जा."

गट म्हणजे महिला बचत गट. वहिनी तिच्या नावावर कर्ज उचलणार होती, आणि त्या कर्जाचा पाया होता मी मीटिंगमध्ये म्यूटवरून दिलेलं अर्ध्या मिनिटाचं निदान. भाकरीचा घास तोंडातच फिरायला लागला. म्हटलं, "वहिनी, सोमवारपर्यंत थांबा. मी आज बघतो."

मग स्टुडिओत गेलो, शटर अर्धं खाली ओढलं आणि बसलो. सोबत दादा आणि नववीतली पुतणी. आणि फोनवर विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न आत्ता विचारला. "दादा, कुठलं फोल्डर उघडलं की हँग होतं?"

"कामाचं."

"बाकीची?"

दादानं जरा विचार केला. "बाकीची उघडतात की. कामाचंच नाही उघडत."

झालं. रॅम कमी असती तर फक्त एका फोल्डरशी तिचं वैर कशाला असतं? खात्री करायला एक मोठं फोल्डर मुद्दाम उघडून पाहिलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा दादानं काढलेले फोटो त्यात आहेत. जवळपास दोन हजार. फोल्डर उघडलं, छोटी छोटी गुलाबी चित्रं भराभर उमटत गेली, मशीनला काही झालं नाही. "चालू काम" नावाच्या फोल्डरात मात्र मोजून साठ-पासष्ट फाईल्स होत्या. ते उघडलं की दोन मिनिटांत माऊस जागेवर गोठायचा.

तपासाची सुरुवात मी "फ्री" या कमांडनं केली. ती सांगते एकूण मेमरी किती, वापरात किती, मोकळी किती. सगळं शांत असताना आकडे असे होते: एकूण ३.७ जीबी, वापरात १.१, मोकळी फक्त ०.२. दादा लगेच म्हणाला, "पाह्य! काहीच उरली नाही." दुरुस्तीवाल्यानंही म्हणे याच आकड्यावर बोट ठेवलं होतं.

इथे बहुतेकांची गफलत होते. लिनक्स मोकळी मेमरी मोकळी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाईल्स तो रॅममध्येच सांभाळून ठेवतो, पुन्हा लागल्या तर लगेच देता याव्यात म्हणून. याला कॅशे म्हणतात. दादाच्या मशीनवर त्यात २.४ जीबी होते. एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी हवी झाली की कॅशे लगेच आवरतो आणि जागा देतो. लग्नघरी रिकाम्या खोलीत गाद्या रचून ठेवतात तसं. पाहुणे आले की गाद्या हलतात, म्हणून कुणी खोली भरली असं म्हणत नाही. त्यामुळे बघायचा आकडा "फ्री" या रकान्यातला नसून त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या "अव्हेलेबल" या रकान्यातला असतो. कर्नल हा हिशेब २०१४ पासून स्वतःच काढून देतं. दादाचा होता २.३ जीबी. म्हणजे पोट भरलेलं नव्हतंच.

पुढची पायरी, कोण किती खातंय ते बघणं. यासाठी "टॉप" नावाची कमांड आहे. फाईल मॅनेजरचं नाव थुनार. त्याच्यापुढे दोन आकडे होते. एक जवळपास ७०० एमबी, दुसरा ११०. पुतणीनं विचारलं, खरा कुठला?

म्हटलं, पहिला आकडा म्हणजे वाटलेल्या पत्रिका, दुसरा म्हणजे पंगतीला प्रत्यक्ष बसलेली माणसं. प्रोग्रॅम सुरू होताना भरपूर पत्ते नावावर करून घेतो, पण सगळ्या पत्त्यांवर खरी रॅम लागतेच असं नाही. पहिल्या आकड्यावरून "ह्या प्रोग्रॅमनं ७०० एमबी खाल्ले" म्हणणं म्हणजे पत्रिका मोजून केटरर्सचं बिल देणं.

आणि ते ११० तरी सगळे त्याचे एकट्याचे असतात का? तर नाही. खिडक्या, बटणं, अक्षरं रंगवणाऱ्या लायब्ररी सगळ्या प्रोग्रॅममध्ये सामाईक असतात. रॅममध्ये त्यांची एकच प्रत असते, पण "टॉप" ती प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण दाखवतो. हे समजवायला मला आमच्याच शेताचा आधार मिळाला. आमच्या आजोबांची विहीर चार भावांत सामाईक आहे. चौघांच्याही सातबाऱ्यावर ती लागलेली. चार उतारे हातात घेऊन कुणी विहिरी मोजल्या तर चार भरतील. शेतात जाऊन पाहा, एकच आहे. "एसमेम" नावाचं एक छोटं साधन आहे, ते ही सामाईक विहीर वाटेकऱ्यांत भागून दाखवतं. त्यानं सांगितलेला थुनारचा खरा वाटा निघाला ६० एमबीच्या आसपास. एवढ्यावर कुठलं मशीन मरत नाही.

म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो फाईल मॅनेजर साधा माणूस निघाला.

मग मी ब्राउझर वगैरे सगळं बंद केलं (म्हणजे मशीन मरायला जरा जास्त वेळ घेईल), टॉपची यादी मेमरीच्या क्रमानं लावली आणि दादाला म्हटलं, "उघड आता."

दादानं "चालू काम" उघडलं. थुनार जागेवरच राहिला. पण यादीत खालून एक नाव भराभर वर चढायला लागलं. टम्बलर-डी. ४०० एमबी, ८००, १२००, १७००... मग हार्डडिस्कचा खरखर आवाज सुरू झाला. रॅम भरली आणि मशीननं डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, सामान हलवायला घेतलं. तीच ती "हँग" होण्याची वेळ. डिस्क रॅमच्या मानानं फार हळू चालते, त्यामुळे माऊससुद्धा रांगेत उभा राहतो.

हा टम्बलर म्हणजे फाईलींची छोटी चित्रं, ज्यांना थंबनेल म्हणतात, ती बनवून देणारा कारागीर. थुनार स्वतः चित्रं बनवत नाही, या वेगळ्या कारागिराला सांगतो. ही मांडणी शहाणपणाची आहे. एखाद्या बिघडलेल्या फाईलीवर कारागीर कोसळला तरी दुकान उघडं राहतं. तोटा एवढाच की कारागिराच्या खाण्याचं बिल लोक दुकानदाराच्या नावावर फाडतात.

आता शेवटचा प्रश्न, कारागीर कुठल्या फाईलीवर अडलाय? "एलएसओएफ" ही कमांड एखाद्या प्रोग्रॅमनं त्या क्षणी कुठल्या फाईल्स उघडून ठेवल्यात ते सांगते. मशीन रडतखडत का होईना, पण बोललं. फाईल होती एका वाढदिवसाच्या फ्लेक्सची. डिस्कवर आकार १४० एमबी. पीएनजी. कुणाचा वाढदिवस ते सांगत नाही, पण फ्लेक्सवर त्यांच्याखाली बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो होते.

पुतणीच्या वहीत हिशेब मांडला. फ्लेक्स वीस फूट बाय दहा फूट. डिझाईनवाला मुलगा दर इंचाला १५० ठिपके ठेवतो. वीस फूट म्हणजे २४० इंच, म्हणजे ३६,००० ठिपके रुंदी. दहा फुटांची उंची १८,००० ठिपके. गुणाकार, ६४ कोटी ८० लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले की १९४ कोटी ४० लाख बाइट. म्हणजे १.९ जीबीहून जास्त! डिस्कवर ती फाईल आवळून बांधलेली, म्हणून १४० एमबी. उघडली की पूर्ण पसरते. आणि हे कशासाठी? तर १२८ ठिपक्यांचं एक छोटं चित्र बनवण्यासाठी, ज्यात खुद्द उत्सवमूर्तीही ओळखू येणार नाहीत. अशा बारा फाईल्स त्या फोल्डरात होत्या.

"काका, एवढुसं चित्र बनवाले एवढं मोठं कायले उघडते ते?" पुतणीनं विचारलं.

खरं सांगतो, हा प्रश्न मला इंटरव्ह्यूत कुणी विचारला नव्हता. आणि प्रश्न बरोबर आहे. उघडायलाच हवं असं नाही. साध्या पीएनजीत चित्र ओळीओळीनं साठवलेलं असतं. एकेक ओळ वाचत, सरासरी काढत, मागची सोडून देत गेलं तर थोड्या मेमरीतही काम होईल. जेपीईजी वाचताना तर थेट आठव्या हिश्श्याच्या आकारात उघडायची सोय असते, शिवाय कॅमेरा स्वतःच आत एक छोटं चित्र ठेवून देतो. म्हणून तर ते दोन हजार गुलाबी फोटो भराभर उमटले. पीएनजीच्या वाटेला मात्र सरळ रस्ता आला: सगळं उघडा, मग लहान करा. मोबाईलच्या स्क्रीनशॉटसाठी हा रस्ता पुरतो. वीस फुटी शुभेच्छांसाठी नाही.

अजून एक गोष्ट समजली आणि ती मला जास्त लागली. थंबनेल एकदा तयार झालं की कॅशेत जमा होतं आणि मूळ फाईल बदलेपर्यंत पुन्हा बनवावं लागत नाही. पण पूर्ण झालं तरच. मशीन गोठलं की दादा काय करायचा? बटण दाबून धरायचा, बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. अर्धवट काम वाया. पुन्हा फोल्डर उघडलं की कारागीर पहिल्या फाईलीपासून सुरू. म्हणजे तीन आठवडे जो इलाज चालला होता तोच आजार जिवंत ठेवत होता. आणि हा "बंद करून चालू कर" मंत्र दादाला कुणी शिकवला? मीच. अजून कोण.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. थुनारच्या सेटिंगमध्ये थंबनेल सरसकट बंद करता येतात, आणि असा सल्ला कुणीही पटकन दिला असता. पण फोटोग्राफरची थंबनेलं बंद करणं म्हणजे किराणा दुकानदाराच्या बरण्या रंगवून टाकणं. त्याला नावानं नाही, चित्रानं फाईल सापडते. म्हणून टम्बलरची सेटिंगची फाईल घरच्या फोल्डरात उतरवून घेतली आणि त्यात पीएनजी वगैरे चित्रं हाताळणाऱ्या भागाला मर्यादा घातली: २० एमबीपेक्षा मोठी फाईल असेल तर हात लावू नको. जेपीईजी फोटोंचा भाग वेगळा असतो, त्याला धक्का लावला नाही. फ्लेक्सची ओळख पटावी म्हणून डिझाईनवाला मुलगा व्हॉट्सॲपवर जो छोटा नमुना पाठवतोच, तो शेजारी ठेवायचा ठरलं. शिवाय त्या मुलाला फोन केला. लांबून बघायच्या एवढ्या मोठ्या फ्लेक्सला दर इंचाला ७२ ठिपकेही चालतात. तेवढं केलं तर तीच फाईल उघडल्यावर १.९ जीबीऐवजी ४५ कोटी बाइटांत, म्हणजे चौथाईहून कमी जागेत बसते. तो म्हणाला, "करतो की. मला कुणी कधी विचारलंच नाही."

दादानं फोल्डर उघडलं. उघडलं. परत बंद केलं, परत उघडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "विंडोजमधी असं कधी झालं नव्हतं म्हणून मी लिनक्सलेच शिव्या देऊन राहिलो होतो." मी विचारलं, फ्लेक्सचं काम कधी धरलं? म्हणाला, दिवाळीनंतर. म्हणजे विंडोजवर त्यानं अशी फाईल कधी उघडलीच नव्हती. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि दोष डोळ्यांसमोरच्या गोष्टीला गेला. दादानं लिनक्सला दिला, मी रॅमला दिला, दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपच्या वयाला. तिघांचेही अंदाज पटण्यासारखे होते, आणि तिघांनीही मोजलं काहीच नव्हतं.

लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही गावागावात अंदाजांचं पीक आलं होतं. कुणी शेवाळ म्हणे, कुणी काही दैवी. शेवटी नमुने घेतले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले आणि कळलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं ते रंगद्रव्य आहे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेण्याला पर्याय नव्हता. आपल्या धंद्यात तर बाटलीही लागत नाही. चार कमांड्स, त्याही फुकट.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं रामायण.

आम्हा आयटीवाल्यांना "मेमरी वाढवा" हे उत्तर इतकं सवयीचं झालंय की ते उत्तर आहे की टाळाटाळ हेच कळेनासं झालंय. क्लाउडवर मेमरी दुप्पट करणं म्हणजे यादीतून खालचा पर्याय निवडणं. मी पूर्वी एका प्रोजेक्टवर होतो, तिथे एक सर्व्हिस रोज रात्री तीन वाजता आपोआप रिस्टार्ट व्हायची. का? मेमरी वाढत जाते म्हणून. का वाढते? माहीत नाही. ज्यानं ती ओळ लिहिली तो कंपनी सोडून गेला होता. मी वर्षभर तिथे होतो, मीही शोधलं नाही. चालतंय ना, मग राहू दे.

कंपनीत हे एकवेळ परवडतं, असंही म्हणता येईल. इंजिनिअरचे दोन दिवस रॅमपेक्षा महाग पडतात, हा हिशेब काही खोटा नाही. कधी कधी मेमरी खरोखरच कमी असते. तुमचं रोजचं काम चालू असताना "अव्हेलेबल" तळाला टेकत असेल आणि स्वॅपमध्ये सारखी ये-जा दिसत असेल, तर खुशाल रॅम घ्या, मीही घेईन. रात्री दोनला सिस्टीम पडली असेल तर आधी रिस्टार्टच करा. पण करण्याआधी दोन मिनिटं काढून बघा, कोण किती खातंय, आणि ते लिहून ठेवा. रिस्टार्टनं आजार जातो की नाही ते पुढचं पुढे, पण पुरावा नक्की जातो.

माझा मुद्दा वेगळा आहे. कंपनीत जे बिल भरतं ते दिसत नाही. गावाकडे जे बिल भरतं ते समोर बसून भाकरी वाढत असतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आपण "कंप्युटरमधलं कळणारा" आहोत. काका-मामा, शाळेतले मित्र, शेजारचे आजोबा, सगळे आपल्याला विचारतात आणि आपण जे बोलू त्यावर विश्वास टाकून पैसे खर्च करतात. नवीन मोबाईल घ्या, नवीन लॅपटॉप घ्या, रॅम टाका. आपण हे ज्या सहजतेनं बोलतो ती सहजता आपल्या पगारातून आलेली असते. डॉक्टरनं नाडी न बघता फोनवर ऑपरेशन सांगितलं तर आपण त्याला काय म्हणू? आणि मी वेगळं काय केलं होतं?

याला उपाय मोठा नाही. तीन प्रश्न पुरतात. नेमकं काय करताना होतं? काय करताना होत नाही? हे सुरू होण्याआधी काय बदललं? मी हे तीन प्रश्न त्या मीटिंगमध्ये विचारले असते तर "कामाचंच फोल्डर, बाकीची नाही, फ्लेक्स सुरू केल्यापासून" एवढं उत्तर दीड मिनिटात आलं असतं. यात लिनक्सचं ज्ञान कुठेच लागत नाही. ज्यांना त्यापुढे जायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. पुतणीला दाखवून आलोय. ती माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारते, तेव्हा पुढचा सपोर्ट तिच्याकडेच जाईल अशी चिन्हं आहेत.

सोमवारी वहिनीनं गटातून आपलं नाव मागे घेतलं. तिच्या जागी गल्लीतल्या एका बाईला शिलाई मशीनसाठी पैसे मिळाले. मला निरोप आला तो एवढाच: "भाऊजींना म्हणा, पाच वर्षं म्हणाले होते. मी मोजून राहिली."

आणि परवा दादाचा पुन्हा फोन. प्रिंटर चालत नव्हता. मी अर्थातच मीटिंगमध्ये होतो. "नवीन घेऊन टाक" जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "दादा, अर्ध्या तासानं करतो. तोवर एका कागदावर लिही, काय करताना बंद पडतो आणि आधी काय बदललं."

अर्ध्या तासानं केला तर म्हणाला, "राहू दे. लिहिता लिहिता आठवलं, काल टेबल सरकवला होता. वायरच निघेल होती."

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.